खाज कुठे, केव्हा आणि कोणाला
(घोड्याच्या त्वचेवरील परजीवी आणि त्यांवरील उपचार : प्रस्तावना)

घोड्याला खाज सुटली की ती लपून राहत नाही. तो खांबाला मान घासतो, शेपटीचे मूळ भिंतीवर रगडतो, दातांनी स्वतःच्या बरगड्या ओरबाडतो, रात्रभर मागचे पाय आपटतो. थोड्याच दिवसांत आयाळ तुटते, कातडी सोलवटते, जखमेवर माश्या बसू लागतात आणि मूळ दुखणे कोणते होते हेच कळेनासे होते. मग मालक किंवा मोतद्दार येऊन विचारतो, ‘डॉक्टर, खाजेवर काय देऊ?’ या विषयात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला माझी पहिली विनंती अशी की, या प्रश्नाला लगेच उत्तर देऊ नका. आधी आपणच तीन प्रश्न विचारा. खाज अंगावर कुठे आहे? ती कोणत्या ऋतूत आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी वाढते? आणि तबेल्यात ती याच एका घोड्याला आहे की शेजारच्यालाही?

या तीन उत्तरांत अर्धे निदान असते. उरलेले अर्धे भिंगाखाली सापडते. आणि उपचार? कोणते औषध, कोणत्या मार्गाने, किती दिवसांच्या अंतराने, हे सगळे परजीवीच्या राहणीवरून ठरते. तो कातडीत शिरतो की कातडीवर फिरतो, रक्त पितो की कोंडा खातो, अंडी केसाला चिकटवतो की लिदीत घालतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला औषधांचे तक्ते पाठ करावे लागत नाहीत. या विषयाचे सारे सौंदर्य मला इथेच दिसते, आणि वाचकाने या दाराने आत यावे अशी माझी इच्छा आहे.

खरजेपासून सुरुवात करू, कारण रोगकारणांच्या शोधाचा इतिहासही तिथूनच सुरू होतो. १६८७ साली इटलीत जोव्हान्नी कोसिमो बोनोमो आणि दियाचिंतो चेस्तोनी या दोघांनी माणसाच्या खरजेतून काढलेला सूक्ष्म किडा भिंगाखाली पाहिला, त्याचे चित्र काढले आणि फ्रान्चेस्को रेदी यांना पत्र लिहून कळवले की खरूज याच जिवामुळे होते. अमुक रोग अमुक सूक्ष्म जिवामुळे होतो असे डोळ्यांनी पाहून सांगण्याच्या अगदी पहिल्या प्रसंगांपैकी हा एक. तरीही वैद्यकाने ही गोष्ट मनापासून स्वीकारायला दीडशे वर्षांहून अधिक काळ घेतला. तोवर शरीरातले दोष बिघडले म्हणून खरूज होते असेच मानले जाई. एकदा कारण मान्य झाले, तेव्हाच गंधकाच्या लेपाला अर्थ आला.

घोड्याच्या खरजेचे किडे, म्हणजे माईट, मुख्यतः तीन प्रकारचे, आणि तिघांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. सार्कोप्टिस कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणून त्यात अंडी घालतो. डोके, मान, खांदे इथून खाज सुरू होते, ती अनावर असते, आणि खरारा करणाऱ्या मोतद्दाराच्या हातांवरही पुरळ उठू शकते. ‘तुम्हाला स्वतःला खाजते का?’ हा प्रश्न विचारायला संकोचू नये. सोरोप्टिस बोगदा खणत नाही. आयाळ, शेपटीचे मूळ, कान अशा दाट केसांच्या जागी तो पृष्ठभागावरच राहतो. तिसरा कोरिओप्टिस खुरांच्या वरच्या भागात वस्ती करतो, म्हणून पायांवर लांब केस असणाऱ्या शायर, क्लाइड्सडेलसारख्या विलायती जातींना त्याचा त्रास अधिक. तो कातडीचा सुटलेला कोंडा खाऊन जगतो.

आता औषधाकडे पाहा. रक्तातून कातडीपर्यंत पोहोचणारे औषध तोंडावाटे दिले, तर ते खोल राहणाऱ्या सार्कोप्टिसला गाठते. कोंडा खाणाऱ्या कोरिओप्टिसच्या वाट्याला मात्र ते फार थोडे येते. त्याच्यासाठी पायांवरचे केस कापून, खपल्या धुऊन, औषध थेट कातडीला लावावे लागते. शिवाय तो घोड्याच्या अंगावाचून अंथरुणात कित्येक आठवडे तग धरतो. म्हणून तबेल्यातले जुने गवत काढून जाळले नाही, तर पाय बरे झालेला घोडा पुन्हा त्याच किड्यांवर उभा राहतो. खरवडून नमुना घेण्याची रीतही यावरूनच ठरते. सार्कोप्टिससाठी रक्ताचा ओलावा दिसेपर्यंत खोल खरवडावे लागते, कोरिओप्टिससाठी वरवर ब्रश फिरवून पडलेला कोंडा पुरतो. पहिल्या प्रकारात दहा ठिकाणी खरवडूनही किडा हाती न लागण्याची शक्यता असते. म्हणून लक्षणे स्पष्ट असतील तर नमुना निर्दोष आला तरी उपचार करावा, असा या शास्त्राचा जुना सल्ला आहे आणि तो मला पटतो.

उवांचीही तीच कथा. घोड्यावर दोन प्रकारच्या उवा राहतात. एक रक्त शोषते, दुसरी कातडीचा कोंडा कुरतडते. तोंडावाटे दिलेले आयव्हरमेक्टिन पहिलीला मारते, दुसरीला फारसे जाणवतही नाही. दुसरीसाठी परमेथ्रिनसारखे औषध अंगावरच लावावे लागते. आणि औषध कोणतेही असो, केसांना चिकटलेल्या लिखा बहुतेक वाचतात, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी, नव्या उवा बाहेर पडल्यावर पण त्यांनी अंडी घालण्याआधी, पुन्हा औषध द्यावे लागते. हा दुसरा डोस चुकला की मालक म्हणतो, औषध नकली होते.

उवा आणि खरूज थंडीत वाढतात, कारण थंडीत अंगावरचे केस दाट होतात आणि जनावरे एकमेकांना खेटून बांधली जातात. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तो मार्गशीर्षात, म्हणजे ऐन याच दिवसांत. दूरदूरचे घोडे शेजारी शेजारी उभे राहतात, एकच खरारा, एकच झूल अनेकांच्या अंगावरून फिरते. बाजारातून घोडा घरी आला की त्याला निदान दोन-तीन आठवडे वेगळे बांधावे, त्याचे सामान वेगळे ठेवावे, आयाळीची मुळे उजेडात विंचरून पाहावीत. एवढे केले तर पुढचा अर्धा खर्च वाचतो.

या विषयातले जे प्रकरण मला सर्वांत प्रिय आहे, त्याची सुरुवात मुंबईत झाली. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या लष्करी पागांमध्ये पावसाळा आला की घोड्यांच्या पायांवर, ओठांवर, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यात, शिस्नावर चिघळणारे, मांसल, भयंकर खाजणारे व्रण उठत. त्यांना ‘बरसाती’ म्हणत, आणि इंग्रज पशुवैद्यांच्या लिखाणातही हेच नाव रूढ झाले. पाऊस ओसरला, थंडी पडली की व्रण आपोआप आक्रसत आणि पुढच्या वर्षी त्याच घोड्याला पुन्हा होत. कोणी हा कर्करोग मानला, कोणी बुरशी, कोणी रक्तदोष.

या वादात ज्याचे नाव कोणी घेतले नाही तो माणूस होता हेन्री जॉन कार्टर. मुंबईत नोकरीला असलेला हा शल्यवैद्य निसर्गाचा चिकित्सक अभ्यासक होता. १८६१ मध्ये त्याने मुंबईच्या साध्या घरमाश्या चिरून पाहिल्या आणि त्यांच्या अंगात एक बारीक जंत आढळल्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा जंत माशीत काय करतो, पुढे कुठे जातो, याचा घोड्याशी संबंध त्याच्या मनातही आला नसावा. अर्धशतकाने अमेरिकेत बी. एच. रॅन्सम यांनी दाखवले की माशीतला तो जंत म्हणजे घोड्याच्या जठरात राहणाऱ्या कृमीची अळी आहे. जठरातली मादी अंडी घालते, ती लिदीतून बाहेर पडतात, लिदीत वाढणाऱ्या माशीच्या अळ्या ती गिळतात, आणि प्रौढ माशीच्या सोंडेत जंताची अळी तयार होऊन बसते. माशी घोड्याच्या ओठांवर बसली तर अळी तोंडात, तिथून जठरात जाते आणि चक्र पूर्ण होते. पण माशी जखमेवर किंवा डोळ्याच्या ओल्या कडेवर बसली, तर अळी तिथेच उतरते आणि अडकते. तिला पुढे वाट नसते. तिच्या भोवती शरीर जे युद्ध मांडते, तोच हा व्रण. कृमीचे शास्त्रीय नाव हॅब्रोनेमा मस्की, आणि त्यापुढे नामकर्ता म्हणून आजही ‘कार्टर, १८६१’ असे लिहिले जाते.

हे चक्र कळले की उपचाराचे चारही भाग आपोआप सुचतात. जठरातल्या कृमींसाठी आयव्हरमेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिन. व्रणातली खाज आणि सूज अळ्यांवरच्या अतिसंवेदनेची असल्यामुळे, वैद्याच्या देखरेखीखाली स्टेरॉइड. जखमेवर माशी बसू नये म्हणून पट्टी किंवा डोळ्यांवर जाळी. आणि लीद रोज उचलून तबेल्यापासून दूर, झाकून कुजवणे. यातला शेवटचा भाग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित.

एक इशारा इथेच दिला पाहिजे. जुन्या काळी ‘बरसाती’ या एका नावाखाली दोन वेगळे रोग मिसळलेले होते. दुसरा रोग साचलेल्या पाण्यातल्या पायथियम नावाच्या, बुरशीसारख्या जिवामुळे होतो. तळ्यात, दलदलीत उभ्या राहणाऱ्या घोड्यांच्या पायांना तो होतो आणि त्याच्या व्रणातून खड्यांसारखे पिवळट कडक कण निघतात. आयव्हरमेक्टिनचा त्याच्यावर काही उपयोग नाही. तिथे लवकर शस्त्रक्रिया हाच मोठा आधार, आणि दोन आठवडे चुकीच्या औषधात गेले तर पाय जाऊ शकतो. पावसाळी व्रण दिसला की त्याचा तुकडा काढून तपासणीला पाठवणे म्हणूनच टाळता येत नाही.

ऋतूचा प्रश्न दुसऱ्या एका रोगात आणखी टोकदार होतो. पावसाळ्यात आणि उन्हाळ्याच्या ओल्या दिवसांत काही घोडे आयाळ आणि शेपूट घासून घासून रक्तबंबाळ करतात, शेजारचे मात्र अगदी स्वस्थ असतात. १९५०च्या दशकात ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडमध्ये आर. एफ. रीक यांनी दाखवले की हा क्युलिकॉइडिस जातीच्या केमरांच्या चाव्याला आलेला अतिसंवेदनशील प्रतिसाद आहे. हे केमर डासाहून कितीतरी लहान असते, एक ते तीन मिलिमीटर. त्याची मादीच रक्त पिते. तिच्या लाळेतली प्रथिने काही घोड्यांच्या शरीराला सोसत नाहीत, म्हणून चार घोडे चावून घेऊनही शांत असतात आणि पाचवा वेडापिसा होतो. ‘कोणाला?’ या प्रश्नाचे उत्तर ‘एकट्यालाच’ असे आले की संसर्गाचा विचार मागे ठेवून ॲलर्जीकडे वळावे.

याचा सर्वांत बोलका पुरावा आइसलंडमधून मिळतो. त्या बेटावर ही केमरे नव्हती आणि तिथले घोडे हजार वर्षे बाहेरच्या रक्ताशी न मिसळता वाढले. पूर्ण वाढ झालेले घोडे तिथून युरोप खंडात विकले गेले, की त्यांतल्या फार मोठ्या हिश्श्याला थोड्याच वर्षांत ही खाज लागते. त्याच वंशाचे, पण खंडावरच जन्मलेले घोडे मात्र इतर जातींइतकेच सुरक्षित असतात. म्हणजे वंश सारखाच, पण शिंगरूपणी चाव्यांची ओळख झाली की नाही यावर पुढचे आयुष्य ठरते. आइसलंडमधून एकदा बाहेर गेलेला घोडा तिथल्या कायद्याने परत येऊ शकत नाही, त्यामुळे ही समस्या तिथल्या घोडेविक्रीच्या मुळावरच येते. म्हणून रेक्याविकजवळचे केल्दूर संशोधन केंद्र आणि स्वित्झर्लंडमधले बर्न विद्यापीठ मिळून, केमरांच्या लाळेतली शुद्ध प्रथिने घोड्यांना आधीच टोचून त्यांना सोसण्याची सवय लावता येते का, यावर काम करत आले आहेत.

तोवर आपल्या हाती असलेले उपाय केमरांच्या सवयींवरच उभे आहेत. ती तिन्हीसांजेला आणि पहाटे चावतात, तेव्हा या वेळी घोडा आत बांधावा. त्यांना ताशी आठ-दहा किलोमीटरच्या वाऱ्यातही नीट उडता येत नाही, म्हणून तबेल्यातला एक मोठा पंखा महागड्या मलमाइतका उपयोगी ठरतो. नेहमीच्या मच्छरजाळीतून ती सहज आत येतात, तेव्हा जाळी अगदी बारीक विणीची हवी. ओल्या मातीत आणि लिदीच्या कडेला ती वाढतात, तेव्हा तबेल्यालगत पाणी साचू देऊ नये. स्टेरॉइड खाज झटकन थांबवते हे खरे, पण घोड्यात त्याचा अतिरेक खुरांच्या आतल्या दाहाचा धोका वाढवतो आणि शर्यतीच्या घोड्याला नियमांमुळेही ते सांभाळून द्यावे लागते. ही केमरे केवळ खाजेपुरती नाहीत, हेही लक्षात असू द्या. मेंढ्यांचा नीलजिव्हा रोग तीच पसरवतात, आणि १९५९ ते १९६१ या काळात पश्चिम आशियापासून भारतापर्यंत लाखो घोडे, खेचरे आणि गाढवे मारणारा आफ्रिकन अश्वरोगही त्यांनीच वाहून नेला.

बाकीचे खाजरे परजीवी थोडक्यात. फक्त शेपटीचे मूळ घासणाऱ्या घोड्याच्या गुदद्वारापाशी सकाळी पारदर्शक चिकटपट्टी लावून ती भिंगाखाली पाहावी. सूत्रकृमीची मादी रात्री तिथे चिकट अंडी घालते. पोटाच्या मध्यरेषेवर, छातीवर किंवा कपाळावर खाजणारे चट्टे असतील, तर मानेच्या स्नायुबंधात राहणाऱ्या ऑन्कोसर्काची पिल्ले कातडीत फिरत असण्याची शक्यता असते. त्यांच्यावर आयव्हरमेक्टिन दिल्यावर एक-दोन दिवसांत काही घोड्यांच्या पोटाखाली सूज येते. पिल्ले मेल्याची ती खूण आहे, हे मालकाला आधीच सांगून ठेवावे. प्रौढ कृमी मरत नाही, त्यामुळे खाज काही महिन्यांनी परतू शकते. गोचिडांचा विषय मोठा आहे, कारण त्या खाजेबरोबर रक्तातले परजीवीही आणतात.

आता आयव्हरमेक्टिनविषयी थोडे सविस्तर, कारण आज खाजणाऱ्या प्रत्येक घोड्याला तेच दिले जाते. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी इतो शहराजवळच्या मातीतून एक सूक्ष्मजीव वेगळा केला. अमेरिकेत विल्यम कॅम्बेल यांच्या गटाने त्यातले औषधी द्रव्य ओळखले. १९८१ पासून ते जनावरांसाठी बाजारात आले, आणि २०१५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. घोड्यासाठी मात्रा दर किलो वजनाला ०.२ मिलिग्रॅम, तीही तोंडावाटे. गुरांसाठीचे इंजेक्शन घोड्याला टोचण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. टोचल्या जागी गंभीर, कधी जीवघेणा जंतुसंसर्ग झाल्याच्या घटनांमुळे घोड्यासाठी तो मार्ग जगात मागे पडला आणि तोंडावाटे देण्याची पेस्ट आली. ही सवय मोडणे हे नव्या पिढीच्या पशुवैद्यांचे काम आहे.

दुसरी सवय अंदाजाने वजन ठरवण्याची. छातीचा घेर आणि खांद्यापासून नितंबापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा, घेराचा वर्ग करून लांबीने गुणा आणि ११,८७७ ने भागा. घेर १६० आणि लांबी १५० असलेला घोडा सुमारे ३२३ किलोंचा निघतो. कमी मात्रा दिली की किडे मरत नाहीत, उलट सोसायला शिकतात. शिंगरांच्या गोलकृमींत आयव्हरमेक्टिनला न जुमानणारे कृमी नेदरलंड्समध्ये २००२ साली नोंदवले गेले आणि नंतर अनेक देशांत सापडले. शिवाय हे औषध लिदीतून बाहेर पडते आणि शेणकिड्यांना बाधते. लीद मातीत नेऊन माश्यांची जागा कमी करणारे हे किडे मेले, तर आपलीच बाजू लंगडी होते.

तिसरी गोष्ट सर्वांत ठळक अक्षरांत सांगायची आहे. गाईगुरांच्या आणि कुत्र्यांच्या गोचिडांसाठी वापरले जाणारे अमिट्राझ घोड्याला लावू नका. त्याने घोड्याच्या मोठ्या आतड्याची हालचाल थांबते, मळ अडकतो आणि जिवावर बेतते. दुकानात बाटली स्वस्त मिळते, तिच्यावर गोचिडाचे चित्र असते, आणि मालक विश्वासाने सगळा घोडा धुऊन काढतो. पशुवैद्याने प्रत्येक अश्वपालकाला हे एक वाक्य न चुकता सांगितले तरी कितीतरी घोडे वाचतील.

या विषयाला आपल्याकडे जुनी पार्श्वभूमी आहे. घोड्यांच्या वैद्यकातली शालिहोत्राची परंपरा सर्वांना माहीत आहे, जयदत्ताचा ‘अश्ववैद्यक’ हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात छापून आला, आणि मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून शिकवत आले आहे. पण घोडा आज कुठे आहे ते पाहिले पाहिजे. तो महालक्ष्मीच्या आणि पुण्याच्या रेसकोर्सवर आहे, तसाच मोटारींना बंदी असलेल्या माथेरानच्या लाल वाटांवर, पाचगणीच्या पठारावर, लग्नाच्या वरातीत, आणि मेंढ्यांमागे बिऱ्हाड वाहणाऱ्या धनगरांच्या तांड्यातही आहे. रेसच्या घोड्याला खाज सुटली तर त्याच दिवशी पशुवैद्य येतो. माथेरानच्या घोड्याच्या खोगिराखाली खाज सुटली तर त्या कुटुंबाची रोजची कमाई बुडते, आणि धनगराच्या तट्टाकडे बहुधा कोणीच बघत नाही. या विद्येची जास्त गरज कोणाला आहे, हे मला सांगावे लागू नये.

म्हणून हे पुस्तक पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांइतकेच मोतद्दारांसाठी, साईसांसाठी आणि घोडेवाल्यांसाठी आहे. रोज दोन वेळा खरारा करणारा माणूस घोड्याच्या कातडीचा जितका जवळून परिचय ठेवतो तितका कोणीही डॉक्टर ठेवू शकत नाही. कोणत्या महिन्यात कुठे घासतो, सांजेला की दुपारी, कोणत्या घोड्याच्या शेजारी बांधल्यावर सुरू झाले, हे त्याने वहीत टिपले तर ती नोंद प्रयोगशाळेच्या अहवालाच्या तोडीची असते.

सुरुवातीला साधने फार लागत नाहीत. दहापट मोठे दाखवणारे भिंग, बारीक दातांची फणी, बोथट धारेचे पाते, काचपट्ट्या, थोडे पातळ पॅराफिन, पारदर्शक चिकटपट्टी, मोजपट्टी आणि एक वही. सूक्ष्मदर्शक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळेल. पहिल्या प्रकरणात नमुना कसा घ्यावा, कोणत्या बाटलीत ठेवावा आणि किती तासांत पोहोचवावा हे आहे. तेथून वाचायला लागावे.